तुम्ही विचारलंत म्हणून: ओढत नाहीस, मग गांजा कायदेशीर करायच्या मागे का लागलीस?

हा प्रश्न मला लग्नकार्यात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगनंतर पार्किंगमध्ये, सगळीकडे विचारतात आणि विचारणारा हसत विचारतो, म्हणजे खरा प्रश्न "चोरून ओढतेस ना?" हा असतो. नाही ओढत. कॉलेजात ओढून बघितला होता, ठसका लागला, भूक लागली, विषय संपला. आणि ओढत असते तरी काय? पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध भांडणाऱ्याला कुणी "डोकं फुटलंय का तुझं" असं विचारत नाही.

तर कारण माझा मामा. सांगलीकडे हळद करतो. हळदीच्या सरीत त्यानं गांजाची झाडं लावली होती आणि हो, विकायलाच लावली होती, औषधाला नाही, देवाला नाही. हे आधीच सांगते कारण गांजा कायदेशीर करा म्हणणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या लोकांना पोस्टरवर भोळाभाबडा शेतकरी हवा असतो. मामा तसा नाही. हळदीचा भाव पडलेला, सोसायटीचं कर्ज थकलेलं, कुणीतरी बी आणून दिलं, त्यानं टोकलं.

दिवाळीच्या तोंडावर धाड पडली, मी सुट्टीला तिथंच होते. रानाला आदल्या रात्री पाणी पाजलेलं, झाडं मुळासकट उपटली, मुळांना चिखल लोंबतोय, तशीच पोत्यात कोंबली आणि गावातल्या व्यापाऱ्याचा हळद मोजायचा काटा आणून वजन केलं. मामा बांधावर उकिडवा बसलेला आणि प्रत्येक पोतं चढलं की सवयीनं मान पुढं करून आकडा बघत होता, व्यापारी काटा मारत नाही ना बघावं तसं. कुणी काटा मारत नव्हतंच, उलट वाढवून धरत होते, पण ते तेव्हा आमच्यापैकी एकालाही कळलं नाही.

वकिलांनी नंतर समजावलं. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा धरलेले शेंडे. बी आणि पानं शेंड्यांबरोबर नसतील तर तीही धरत नाहीत, खोड-मुळं-चिखल तर लांबच. 1 किलोपर्यंत किरकोळ, 20 किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, म्हणजे कमीत कमी 10 वर्षं, आणि वर कलम 37, म्हणजे जामीन हवा तर हा माणूस निर्दोष असावा असं कोर्टाला आधीच वाटलं पाहिजे. मामाचं माप 20 च्या वर गेलं ते चिखलासकट. सातबारा आजीच्या नावावर, म्हणून ऐंशी ओलांडलेल्या बाईला चौकशीला नेऊन दिवसभर बाकावर बसवलं. खाली जामीन नाकारला, हायकोर्टानं वजनाच्याच मुद्द्यावर दिला, पण तोवर पुढच्या वर्षीची हळद निघाली होती आणि ओढ्याकडचं रान फीपायी गेलं होतं. केस चालूच आहे. नुसत्या लागवडीलाही 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ते वेगळंच.

यावर तुम्ही म्हणाल, मग वजनाचं नीट करा, गांजा मोकळा कशाला? बरोबर आहे, आणि याचं माझं उत्तर बदलत असतं. सुरुवातीला मी महादेवाची आणि 1893-94 च्या इंग्रजांच्या हेम्प ड्रग्ज कमिशनची, म्हणजे गांजा-भांगेच्या चौकशी आयोगाची टेप लावायचे, त्यांनीसुद्धा म्हटलंय की माफक सेवनानं फारसं बिघडत नाही, बंदी नको, कर लावा. आता ती टेप मलाच ऐकवत नाही. इंग्रजांना महसूल हवा होता आणि महादेवाला जामीन लागत नाही.

शिवाय एका मैत्रिणीचा मुलगा अकरावीपासून रोज ओढायचा, आता त्याला आवाज ऐकू येतात. गांजामुळेच का, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत, पण कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांना हा धोका जास्त असतो, ते मी नाकारत नाही. ही मैत्रीण विचारते तेव्हा हसत नाही. पण मग माझ्यातली ती जुनी टेपवाली उसळून म्हणतेच, की त्याला गांजा बंदी असतानाच मिळाला ना, टपरीमागे, वय कुणी विचारलं? जर्मनीनं एप्रिल 2024 पासून निदान 18 वर्षांची रेघ तरी मारली, मोठ्यांना 25 ग्रॅम बाळगायला आणि घरी 3 झाडं लावायला परवानगी. यावर कुणीतरी थायलंड काढतं, 2022 ला मोकळं केलं आणि 2025 मध्ये परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं, बघा! बघितलं. मला त्यातून दोन्ही बाजूंचं निघतं.

आणि मामा? तो माझ्या विरोधात आहे. "खुला झाला की कंपन्या लावत्याल, एसीत. माझ्या सरीतला कोन घेतंय?" उत्तराखंडात 2018 पासून परवाने देतात पण नशा जवळजवळ नसलेल्या, टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, 0.3 टक्क्यांपर्यंतच असलेल्या जातीला, हे सांगितलं तर म्हणाला, त्यापेक्षा अंबाडी लावीन. आमच्या निवेदनावर सही मागितली तर म्हणतो आधी केस निकालात निघू दे. त्याचंही खरंय, सरकारी वकिलाच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं.