पक्ष्यांसाठी क्रॉप सेन्सर: किंमत बॉडीची नको, जोडीची धरा

कॅननचा क्रॉप सेन्सरवाला, म्हणजे फोटो टिपणारी चिप लहान असलेला, आर7 कॅमेरा 2022 मध्ये आला तेव्हा अमेरिकेत त्याच्या बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची, किंमत 1,499 डॉलर होती. पुढच्या वर्षी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, आर8 आला, तोही 1,499 डॉलरलाच. तेव्हापासून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: तेवढ्याच पैशात मोठा सेन्सर मिळत असताना लहान कशाला घ्यायचा? भिगवणला पक्षी टिपणाऱ्यांपुरतं याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते आकड्यांत मांडता येतं.

कुंभारगावहून बोट उजनीच्या पाण्यात निघाली आहे, दोन्ही कॅमेऱ्यांवर 400 मिलिमीटरची लेन्स आहे आणि समोर एकच नदी सुरय मासा धरायला घिरट्या घालतोय, असं धरा. आर7 च्या चौकटीत जेवढं दृश्य येतं, तेवढंच आर8 च्या फोटोतून कापून काढलं तर 24 मेगापिक्सेलमधले साडेनऊच्या आसपास उरतात. आर7 वर त्याच दृश्याला साडेबत्तीस मेगापिक्सेल मिळतात. इतके दाट पिक्सेल फुल फ्रेमवर हवे असतील तर सेन्सर साधारण 83 मेगापिक्सेलचा लागेल. दुकानात "400 ची लेन्स 640 ची होते" असं सांगतात. लेन्स 400 चीच राहते. सुरयच्या अंगावर पिक्सेल जास्त पडतात, एवढाच फायदा. पण पंखांच्या कडा आणि चोचीचा रंग नीट हवा असेल तर हा फायदा फार मोठा आहे.

लग्नाच्या हॉलमध्ये किंवा देवळाच्या गाभाऱ्यात फोटो काढणाऱ्याला मी याच पैशात डोळे झाकून आर8 सांगेन. तिथे विषय जवळ असतो आणि प्रकाश कमी, मोठ्या सेन्सरचं काम तिथेच.

"आजकाल क्रॉप सेन्सर महाग झालेत" ही तक्रार मला पटत नाही. कॅननचा 7डी मार्क 2 2014 मध्ये 1,799 डॉलरला आला होता. निकॉनचा डी500 2016 मध्ये सुमारे 2,000 डॉलरला. तो 20.9 मेगापिक्सेलचा, सेकंदाला 10 फोटो काढणारा कॅमेरा, आणि पक्षीवाले त्यावर जीव टाकायचे. 2024 च्या शेवटी आलेला निकॉनचाच झेड50 II तेवढ्याच मेगापिक्सेलचा, मेकॅनिकल शटरवर सेकंदाला 11 फोटो काढतो, पक्षी ओळखून स्वतः फोकस धरतो, आणि त्याच्या बॉडीची जाहीर किंमत होती 909 डॉलर. निम्म्याहून कमी! अर्थात काही गोष्टी गेल्या आहेत. डी500 ची बॅटरी कंपनीच्या मोजणीनुसार 1,240 फोटो द्यायची, इथे आकडा अडीचशेच्या आसपास आहे. कार्ड एकच बसतं. बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, नाही, पण उडत्या पक्ष्यासाठी शटर 1/2000 सेकंदावर ठेवणाऱ्याला त्याची उणीव फारशी जाणवत नाही. दोन जादा बॅटऱ्या खिशात ठेवायच्या आणि पुढे चालायचं.

खरी किंमत लेन्स लावल्यावर कळते, आणि इथेच सगळी तुलना उलटीपालटी होते. 909 ची बॉडी स्वस्त म्हणून घेतली आणि मग निकॉनची 180-600 मिलिमीटरची लेन्स हवीशी वाटली, तर ती 2023 मध्ये आली तेव्हा एकटीच जवळपास 1,700 डॉलरची होती. तिकडे कॅननची 100-400 ही लेन्स 649 डॉलरला आली. या जाहीर किमतींनी आर7 सोबत ती जोडी 2,148 ला पडत होती, निकॉनची जोडी 2,600 च्या वर. म्हणजे महाग बॉडीची जोडी स्वस्त! फरकाचं कारणही समजून घ्या. कॅननची लेन्स 400 ला एफ8 वर येते, निकॉनची 600 ला एफ6.3 वर; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. त्या टोकाला निकॉनची लेन्स जवळपास दीडपट उजेड आत घेते आणि 200 मिलिमीटर जास्त पोचते, पण तिचं वजन दोन किलोच्या घरात आहे. कॅननची 635 ग्रॅमची. सूर्य वर आल्यावर एफ8 चालतं. पहाटेच्या धुक्यात पट्टकदंबांचा थवा उठतो तेव्हा आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) भराभर चढतो आणि फोटो खरबरीत होतो.

सोनीचा ए6700 1,400 डॉलरच्या आसपास आला, जेवढ्याला 2019 मध्ये ए6600 आला होता. चांगला कॅमेरा, फोकस उत्तम. घरात सोनीच्या लेन्स असतील तर दुसरीकडे बघू नका. फुजीचे रंग मला फार आवडतात, पण उडत्या पक्ष्यांसाठी मी फुजीचा कॅमेरा सुचवत नाही.

डॉलरचे आकडे रुपयांत फिरवून "इथे लुटतात" म्हणणाऱ्यांना एक सांगते. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, आपल्या एमआरपीत 18 टक्के जीएसटी आत असतो. 2019 उजाडेपर्यंत तो 28 टक्के होता. ग्रे मार्केटचा, म्हणजे अधिकृत विक्रेत्याला वगळून आणलेला, माल थोडा स्वस्त मिळतो, पण कंपनीची इथली वॉरंटी नसते, आणि पाण्याजवळ, धुळीत वापरायच्या वस्तूला ती हवीच.

भाचीने विचारलं, "आत्या, पहिला कॅमेरा आहे, बजेट फार नाही, पण पक्षीच काढायचेत." तिला मी आर10 आणि 100-400 सांगितलं. 2022 मध्ये बॉडी 979 डॉलरची होती, म्हणजे जोडी 1,628 ची. बॉडी आणि लेन्स मिळून वजन किलोभर, दिवसभर हातात धरता येतं. सेन्सर 24 मेगापिक्सेलचा, म्हणजे आर8 इतकेच पिक्सेल, पण त्याच्या निम्म्याहून लहान जागेत. मेकॅनिकल शटरवर सेकंदाला 15 फोटो. आर7 वर इलेक्ट्रॉनिक शटरने 30 मिळतात, पण सेन्सर सावकाश वाचला जात असल्याने फडफडणारे पंख वाकडे उमटतात. त्या 30 साठी जादा पैसे मोजू नये, हे माझं ठाम मत. साडेबत्तीस मेगापिक्सेल, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, मोठी बॅटरी आणि दोन कार्डं हवी असतील तर जरूर मोजा.

या दाट पिक्सेलांचा आणखी एक फायदा मी धरते. हातात पोच कमी असली की लोक बोटवाल्याला "अजून जवळ घ्या" म्हणून मागे लागतात, आणि चरणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उठतात. इतक्या लांबून उजनीवर उतरलेल्या पक्ष्याला आपल्या फोटोसाठी उपाशी उठवायचं नाही. लांबून काढलेला फोटो कापूनही चांगला राहत असेल, तर त्या कॅमेऱ्याला मी थोडे जास्त पैसे आनंदाने देईन.

भाचीला दुकानात काय बघायचं तेही सांगून ठेवलंय: लेन्स 400 वर नेऊन दुकानाबाहेरच्या तारेवरच्या कावळ्यावर फोकस धरून बघ, फोटो स्क्रीनवर मोठा करून डोळा बघ, आणि बिलावर बॉडी व लेन्स दोन्हींचे सीरियल नंबर लिहून घे.