शेकरबुरा फिकीच हवी

अझरबैजानच्या राजधानीत, बाकूतल्या हॉटेलात पेस्ट्रीचं काम करणाऱ्यांना मार्चमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते. २०-२१ मार्चला नोव्रुज, म्हणजे वसंतातलं नवं वर्ष, आणि त्यासाठी जागोजागी खोंचा सजवतात: मोठं ताट, मधोमध गव्हाचे हिरवे कोंब, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी आणि भोवती तीन पदार्थ. गोल शोरगोघाल हे सूर्याचं प्रतीक, पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात कापलेला पाखलावा चांदणीचं आणि शेकरबुरा चंद्राचं. शोरगोघाल हळद, बडीशेप, मिरी घातलेला, पापुद्र्यांचा आणि खारा. तो मला लवकर जमला. शेकरबुराने मात्र घाम काढला.

दिसायला ती आपल्या करंजीची सख्खी बहीण. लोणी, अंड्याचा बलक, आंबट साय आणि थोडं यीस्ट घालून मळलेलं पीठ, आत दळलेले बदाम किंवा हेझलनट, साखर, वेलची. कडेला मुरडही तशीच. पण ती तळत नाहीत, भाजतात, आणि तिच्या पोटावर मग्गाशने गव्हाच्या लोंबीची नक्षी काढतात. मग्गाश म्हणजे दातेरी तोंडाचा छोटा चिमटा.

त्या वर्षी एक मोठी मेजवानी ऐनवेळी ठरली. वेळ वाचावा म्हणून वरिष्ठांनी नक्षीचे साचे मागवले. हंगामापुरत्या येणाऱ्या बायकांमधल्या सगळ्यांत ज्येष्ठ खालांनी, म्हणजे मावशींनी, साचा उलटसुलट करून पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "आधी एक ताट भाजून बघा."

भाजलं. पीठ फुगलं आणि नक्षी जवळजवळ बुजली. खालांच्या हातच्या शेकरबुरा शेजारी ठेवल्यावर कारण समोर दिसलं. साचा पीठ दाबतो, तो खळगा भाजताना भरून येतो. मग्गाश पीठ चिमटून वर उचलतो, ती धार ओव्हनमध्येही उभी राहते.

साचे कपाटात गेले. सगळे टेबलाभोवती बसलो, इथे घरोघरी शेजारणी जमून बसतात तसे. खालांनी माझं मनगट धरून शिकवलं: चिमटा तिरका, पकड वरवरची. खोल गेला तर सारण उघडं पडतं, साखर पाझरून करपते. एक रांग डावीकडे कललेली, पुढची उजवीकडे. ज्या शेकरबुरांवर नक्षी व्हायची आहे त्या ओल्या फडक्याखाली, नाहीतर पीठ सुकून तडकतं.

मग ओव्हनने अडवलं. पंख्याच्या ओव्हनमध्ये कडा लालसर व्हायला लागल्या. खरपूस रंग म्हणजे नीट भाजल्याची खूण, हे माझ्या हाडात भिनलेलं. खालांनी ते ताट सरळ परत केलं. शेकरबुरा वरून फिकीच राहिली पाहिजे, रंग येईल तो फक्त तळाला. शेवटी पंखा नसलेल्या जुन्या ओव्हनमध्ये, १५०-१६० अंशांवर, ताटामागून ताट भाजत राहिलो.

मेजवानीला सगळं वेळेत पोचलं. पुढच्या मार्चसाठी मी खाला आणि त्यांच्या सोबतिणींना जास्त दिवसांची रोजंदारी मिळावी, असं वरिष्ठांना लिहून दिलं. ते मंजूर झालं.