आमची गाडी बाजूला घातली

दिवाळीला माहेरी सांगलीला गेले होते. त्यात लिहिण्यासारखं काही नाही, खाल्लं, झोपले, गणपतीच्या देवळात जाऊन आले, भाऊबीज झाली. लिहायचंय ते परतीचं, कारण तो सोमवार अजून डोक्यातून जात नाहीये.

2024 ची दिवाळी, भाऊबीजेचा दुसरा दिवस, म्हणजे अख्खा जिल्हा पुण्याच्या वाटेवर. ट्रॅव्हल्सचे रेट ऐकून भाऊ म्हणाला यात तर मी तुला खांद्यावर नेऊन सोडतो, म्हणून मग सकाळची एक एक्सप्रेस, सेकंड सीटिंग. गाडीचं नाव लिहीत नाही, तिचा बिचारीचा काही दोष नाही. तिघांच्या बाकावर आम्ही पाच, आणि पायाखाली एक पत्र्याचा डबा. डबा समोरच्या मावशींचा. बुधगावच्या, लेकीकडे कल्याणला निघालेल्या.

ताकारी गेलं आणि पुढे एका बारक्या स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. ना स्टॉप ना काही. पाच मिनिटं लोक गप्प होते, दहाव्या मिनिटाला खाली उतरले, मग कोणीतरी रुळापलीकडच्या उसाकडे जाऊन आलं. एक पोरगा सारखा ॲप बघून सांगत होता, "आता निघंल, दाखवतंय." काय दाखवतंय देव जाणे.

खिडकीतल्या काकांनी पेपरची घडी केली आणि म्हणाले, "बाजूला घातलंय आपल्याला. वंदे भारत येत्या मागनं."

आणि आली. पांढरी, चकचकीत, दारं बंद, सूंऽऽ करून गेली. आमच्या डब्यातल्या निम्म्या लोकांनी व्हिडिओ काढले! मी पण काढला, खोटं कशाला बोलू. मावशी एवढंच म्हणाल्या, "गेली व्हय? मग आता आपली सोडा की."

सोडली नाही. कारण आता समोरून मालगाडी यायची होती.

मग काकांनी समजावलं, ते रेल्वेतनंच रिटायर झालेले. सिंगल लाइनीवर दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. समोरची येऊन शेजारच्या रुळावर उभी राहीपर्यंत तुम्ही हलायचं नाही, मग तुमचं इंजिन कितीही ताकदीचं असू दे. आणि एक गाडी लेट झाली की तिचं क्रॉसिंग, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देणं, पुढच्या स्टेशनावर ढकलायचं, तिथं आधीच तिसरी उभी. पुणे-मिरज दुहेरीकरण त्यासाठीच चाललंय, म्हणाले, काही पट्टे झालेत काही राहिलेत, "आन् जितं राहिलंय तितंच आपुन उभं ऱ्हातो बघा."

मला वंदे भारतचा राग नाही. त्याच सप्टेंबरात सुरू झाली, आठवड्यातून तीन दिवस, कोल्हापूरहून पुण्याला साधारण सव्वापाच तासांत, मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कराड, सातारा एवढेच थांबे. कोणाला ऑफिस गाठायचंय, कोणाला दवाखाना, त्यांना सोयीचीच आहे. पण तिला वाट द्यायला आमच्यासारख्या भरलेल्या गाड्या कडेला उभ्या राहणार असतील तर सुधारणा नक्की कोणाची झाली? मला खुर्ची मागे रेलणारी नकोय हो. रोजची गाडी, चार जनरल डबे जास्त, आणि दुसरा रूळ. फोटोत रूळ चांगला येत नाही, ही त्याची अडचण असावी.

त्यात मावशींचं वेगळंच. त्यांचा हिशोब अजून सह्याद्री एक्सप्रेसवर अडकलेला. रात्री सांगलीत बसायचं, सकाळी कल्याणला उतरायचं, डबा हलवायचा नाही. ती कोरोनात बंद पडली, 2023 च्या नोव्हेंबरात परत आली पण पुण्यापर्यंतच. थेट जाणाऱ्या महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट दिवाळीत मिळत नाही, म्हणून या वयात पुण्यात उतरून गाडी बदलायची. हे सांगताना तक्रारीचा सूर नाही, उलट डबा उघडून अख्ख्या बाकाला चकल्या वाटत होत्या. मी नको म्हटलं तर, "खा ग, वाळलीयास किती." वर माझा पगार, नवऱ्याचं गाव, मूल कधी, सगळं विचारून झालं. एरवी मला हे सहन होत नाही, पण तासभर उभ्या गाडीत दुसरं करणार तरी काय, सांगून टाकलं सगळं.

मालगाडी आली, लांबच्या लांब, संपेचना. मग आम्ही हललो. कराड स्टेशन आलं, म्हणजे ओगलेवाडी, प्रभाकर कंदिलाची ओगलेवाडी, कराड गाव तिथनं लांबच. साताऱ्याचं पण तसंच, स्टेशन माहुलीला, उतरून परत रिक्षाला पैसे. रस्त्याने सातारा-पुणे सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही, रूळ मात्र वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी असा वळसा घेत दीडशेच्या घरात जातो. सातारकर एसटी का सोडत नाहीत ते यात आलं. वाठारच्या पुढे घाटातले बोगदे आले तेव्हा पोरांनी किंचाळून घेतलं, मी झोपले.

पुण्यात उतरलो तोवर मावशींची पुढची गाडी गेलेली. काकांनी डबा उचलला, मी पिशव्या घेतल्या, आणि चौकशीच्या खिडकीपुढची रांग बघून मावशींनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला, "लेकीला लाव. आन् तिला सांग, जावयाला म्हणावं पुढच्या दिवाळीला तुमीच या बुधगावला."

लावला. जावईच बोलले. मग मीच सांगितलं, मावशींपेक्षा जरा जास्तच जोरात.