आमची वाटचाल: भिंतीवरचे फलक

आप्पांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन जुन्या लेथवर काम सुरू केलं, तेव्हा भिंतीवर अंबाबाईचा फोटो आणि कॅलेंडर एवढंच होतं. डिझेल इंजिनाचे, उसाच्या चरकाचे भाग टर्निंगला यायचे. व्यवहार तोंडी. ‘जॉब (करायला आलेला भाग) परत येता कामा नये,’ एवढंच ते सांगायचे. आलाच तर रात्री थांबून स्वतः करून द्यायचे, पैसे न घेता.

1991 नंतर गाड्यांच्या कंपन्यांची कामं वाढली. आम्ही शिरोली एमआयडीसीत शेड घेतली आणि कामांबरोबर नवे शब्दही आत आले. पहिला आयएसओ 9001, म्हणजे गुणवत्ता सांभाळण्याच्या पद्धतीचं प्रमाणपत्र. सल्लागाराने इंग्रजीत क्वालिटी पॉलिसी लिहून दिली, ती फ्रेम करून लावली, सगळ्यांकडून पाठ करून घेतली. ऑडिटच्या दिवशी आमचे सगळ्यात जुने टर्नर मामा पाठ केलेलं विसरले आणि म्हणाले, ‘मोजल्याबिगर जॉब फुडं सोडायचा न्हाई, सायेब.’ ऑडिटरने ते लिहून घेतलं. आठवड्याभरात मी तेच वाक्य भिंतीवर रंगवून घेतलं. ते अजून तिथेच आहे.

मग काइझेन (रोज थोडी थोडी सुधारणा), 5एस (जागा आवरून नीट लावण्याच्या पाच पायऱ्या), सिक्स सिग्मा. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाख संधींमागे 3.4 दोष. महिन्याला काही हजार नग काढणाऱ्या शेडला तो आकडा पेलणारा नव्हता. फलक लावला आणि उतरवला. 5एस मात्र आम्हाला मनापासून पटला. त्यातलं पहिलं पाऊल ‘सेइरी’, नको ते बाहेर काढणं. दोन रविवार आम्ही सगळे त्यात होतो. कोणत्या जॉबची आहेत हे कुणालाच सांगता येईना, अशी फिक्स्चर, म्हणजे जॉब पकडायची साधनं, ट्रॉली भरभरून निघाली. पाने, गेज, बोरिंग बार यांच्या आकृत्या बोर्डावर रंगवून जागा ठरवल्या. मशीन लावून देणाऱ्या सेटरचा हत्यारं शोधण्यात जाणारा वेळ वाचला, तो आजतागायत वाचतोय.

जस्ट इन टाइमचं, म्हणजे लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच माल आणण्याचं, तसं झालं नाही. टोयोटाने ती पद्धत साठ्यात अडकणारा पैसा आणि वाया जाणारे श्रम टाळायला उभी केली. आमच्यापर्यंत पोचेतोवर तिचा अर्थ एवढाच उरला की ग्राहकाचं गोदाम रिकामं आणि आमचं भरलेलं. ग्राहकाची लाइन थांबली तर दंड आम्हाला, म्हणून पंधरा दिवसांचा माल आम्हीच करून ठेवायचो, स्टीलचे पैसे आधी मोजून.

त्याच सुमारास एका ग्राहकाच्या पत्रांत ‘सप्लायर’ जाऊन ‘पार्टनर’ आलं. मला खरंच आनंद झाला होता. पण बिलं 90 दिवसांवरून 120 दिवसांवर गेली. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असं 2006 चा कायदा सांगतो. तो दाखवायचा कुणाला? पुढची ऑर्डर त्यांच्याच हातात. पुढे आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आलं, 1 एप्रिल 2024 पासून, म्हणजे 2023-24 च्या हिशेबापासूनच लागू झालं. आमचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. त्या मार्चमध्ये वर्षानुवर्षांत पहिल्यांदा, आम्ही फोन न करता पैसे जमा झाले.

आताचा शब्द ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून तसा अहवाल बंधनकारक केला आणि त्यांच्या प्रश्नावल्या आमच्याकडे येऊ लागल्या. मुलगी त्यातली एक भरत बसली होती. वापरलेल्या कुलंटच्या (धातू कापताना सोडायच्या थंडाव्याच्या पाण्याच्या) रकान्यापाशी थांबून तिने विचारलं, ‘बाबा, आधी कुठं जायचं हे पाणी?’

शेडमागच्या नाल्यात जायचं. तसंच सांगितलं तिला. पंचगंगेच्या पाण्याबद्दल मी सभांमध्ये तळमळून बोलत आलोय, पण स्वतःच्या शेडमागे जाऊन कधी बघितलं नव्हतं. आप्पांनीही नाही.

आता ड्रम भरले की परवाना असलेल्या प्रक्रिया केंद्राची गाडी बोलावतो, पावती फाइलला लावतो. हा खर्च दरात धरावा म्हणून ग्राहकाला दोनदा लिहिलं. अजून उत्तर नाही. गाडी मात्र गेल्या शुक्रवारीही येऊन गेली.