आवाज बंद करून दिलेली मते : बैठक ११ ते १४

मागची नोंद दहाव्या बैठकीपाशी थांबली होती. त्यानंतरच्या चार बैठकांत आमची मतदानाची पद्धत दोनदा बदलली, आणि दुसऱ्या बदलाने आमची पाहण्याची रीतच बदलून टाकली, म्हणून या वेळी थोडे सविस्तर लिहितो. आम्ही पुण्यातले सात मित्र-मैत्रिणी आहोत, सगळे पन्नाशीच्या आसपासचे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझ्या घरी जमतो, ठरलेल्या विषयाला धरून प्रत्येक जण एक जुना म्युझिक व्हिडिओ आणतो, सातही व्हिडिओ पडद्यावर लागोपाठ पाहिले जातात आणि मग चिठ्ठ्या टाकून क्रम लावला जातो. स्वतः आणलेल्या व्हिडिओला मत देता येत नाही. हा नियम आम्ही युरोव्हिजन स्पर्धेवरून घेतला आहे, कारण तिथेही कोणत्याच देशाला आपल्याच गाण्याला गुण देता येत नाहीत.

पहिला बदल गुणांचा. दहाव्या बैठकीपर्यंत आम्ही दहापैकी गुण देऊन सरासरी काढत होतो, आणि त्यात एक दोष उघड होता. आमच्यातला एक जण काहीही पाहिले तरी सहा ते आठच्या पलीकडे जात नाही, तर एक मैत्रीण आवडले तर दहा आणि नावडले तर दोन देते, त्यामुळे शेवटचा क्रम बहुतेक वेळा तिच्या चिठ्ठीवरच ठरत असे. अकराव्या बैठकीपासून आम्ही गुण सोडून क्रम लिहायला लागलो. प्रत्येकाने आपला सोडून उरलेल्या सहा व्हिडिओंचा क्रम लावायचा, पहिल्याला सहा, दुसऱ्याला पाच, असे करत शेवटच्याला एक. एका व्हिडिओला जास्तीत जास्त ३६ मिळू शकतात आणि सगळ्यांची मिळून बेरीज १४७ यायलाच हवी, त्यामुळे मोजणीत चूक झाली तर लगेच सापडते. अठराव्या शतकातील फ्रेंच गणिती झाँ-शार्ल द बोर्दा यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत लहान गटाला फार सोयीची आहे, असे मी अनुभवाने सांगतो.

पण खरी अडचण मोजणीत नव्हतीच. दहाव्या बैठकीत एक अगदी सामान्य व्हिडिओ पहिला आला, आणि घरी जाताना जिन्यात दोघांनी कबूल केले की त्यांनी मत दिले ते कॉलेजच्या गॅदरिंगला वाजलेल्या गाण्याला. आमची पिढी या प्रकाराच्या प्रेमात पडली तो काळच तसा होता. १९९१ मध्ये स्टारच्या उपग्रहावरून एमटीव्ही घरात आला, १९९४ मध्ये त्याची जागा चॅनल व्हीने घेतली, १९९६ मध्ये एमटीव्ही परत आला, आणि दहावी ते पदवी एवढी आमची सगळी वर्षे त्यातच गेली. त्या गाण्यांना आमच्या आयुष्याचे इतके काही चिकटलेले आहे की डोळ्यांसमोर काय चालले आहे हे आम्ही पाहतच नव्हतो. व्हिडिओ निवडायचा असेल तर व्हिडिओच पाहिला पाहिजे, यासाठी बाराव्या बैठकीपासून ठरले की प्रत्येक व्हिडिओ दोनदा पाहायचा, पहिल्यांदा आवाजासह आणि दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. दोन्ही वेळा वेगळी चिठ्ठी, आणि निकाल दुसऱ्या चिठ्ठीवर.

बाराव्या बैठकीचा विषय होता ‘एकाच कल्पनेवर उभा असलेला व्हिडिओ’, आणि मूक पाहण्याची सुरुवात याहून चांगल्या विषयाने झाली नसती. बॉब डिलनच्या ‘सबटेरेनियन होमसिक ब्लूज’चे चित्रीकरण १९६५ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या मागच्या गल्लीत डी. ए. पेनीबेकर यांनी केले. डिलन गाणे म्हणत नाही, गाण्यातले शब्द लिहिलेली पुठ्ठ्याची पाने एकामागून एक खाली टाकतो, आणि मागे कवी ॲलन गिन्सबर्ग उभा असतो. आवाज बंद केल्यावर आम्हाला वाटले होते की हे निर्जीव वाटेल. झाले उलटे. पाने टाकण्याच्या हाताला स्वतःची लय आहे, ती कुठे चुकते, कुठे घाई होते आणि कुठे पान पडायला क्षणभर उशीर होतो, हे शांततेत स्पष्ट दिसले. त्याच बैठकीत शिनेड ओ’कॉनरचा ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ होता, जॉन मेबरी यांनी दिग्दर्शित केलेला, १९९० चा. जवळजवळ सगळा वेळ पडद्यावर एक चेहरा आहे. आवाजासह पाहताना आपण अश्रूची वाट पाहत बसतो, कारण तो येणार हे सगळ्यांना ठाऊक असते. मूक पाहताना लक्ष गेले ते त्याच्या कितीतरी आधी खाली वळणाऱ्या नजरेकडे आणि आवळल्या जाणाऱ्या जबड्याकडे. आमच्यापैकी कोणीही ते इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. त्या रात्री हाच पहिला आला, ३२ गुणांनी.

तेराव्या बैठकीला विषय होता ‘युक्ती’, म्हणजे जिथे कॅमेऱ्याची, चित्रांची किंवा संगणकाची करामत हाच व्हिडिओचा जीव आहे. निकाल असा : पीटर गेब्रिएलचा ‘स्लेजहॅमर’ २९, आ-हाचा ‘टेक ऑन मी’ २७, जमिरोक्वायचा ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’ २६, दलेर मेहंदीचा ‘तुनक तुनक तुन’ २४, डाफ्ट पंकचा ‘अराउंड द वर्ल्ड’ १९, मायकल जॅक्सनचा ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ १३ आणि डायर स्ट्रेट्सचा ‘मनी फॉर नथिंग’ ९. आवाजाच्या चिठ्ठीत ‘टेक ऑन मी’ सहज पहिला होता. स्टीव्ह बॅरन यांनी केलेल्या या १९८५ च्या व्हिडिओसाठी सुमारे तीन हजार चौकटी हाताने रेखाटल्या गेल्या आणि त्या कामाला सोळा आठवडे लागले, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल आदरही आहे. पण मूक पाहताना त्याचा मधला पाठलाग थोडा लांबलेला वाटला. ‘स्लेजहॅमर’ मात्र आवाजाशिवाय अधिकच भरला. १९८६ च्या या व्हिडिओसाठी गेब्रिएल सोळा तास काचेखाली पडून राहिला होता आणि एकेक चौकट स्वतंत्र टिपली गेली होती. आवाज असताना ते सगळे उत्साहाच्या भरात निघून जाते. आवाज गेल्यावर दोन चौकटींमध्ये त्याच्या कपाळावरचे केस किंचित हललेले दिसतात, डोळ्यांत थकवा दिसतो, आणि ते कष्ट पाहणाऱ्याच्या अंगावर येतात. नाचणाऱ्या कोंबड्या ज्याने हलवल्या तो निक पार्क पुढे ‘वॉलेस अँड ग्रोमिट’ बनवून किती मोठा झाला हे सांगायला नको.

‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’बद्दल एक प्रसंग नोंदवतो. आमच्यातला एक जण फर्निचरचे काम करतो. जोनाथन ग्लेझर यांच्या या १९९६ च्या व्हिडिओत जमीन सरकते आहे असे वाटते, प्रत्यक्षात जमीन स्थिर असते आणि कॅमेऱ्यासकट भिंती सरकतात. हे त्याला माहीत नव्हते. मूक फेरीत तो उठून पडद्यापाशी गेला, भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या रेषेवर बोट ठेवून म्हणाला, “इथे सांधा उघडा आहे. भिंत जमिनीला टेकलेलीच नाही.” त्या रेषेकडे आम्ही वीस-पंचवीस वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

तांत्रिक बाबींविषयी थोडेसेच, कारण मागे बरेच लिहिले आहे. जुने व्हिडिओ ४:३ चौकटीत बनलेले असतात, आणि रुंद पडदा भरावा म्हणून ते वर-खाली कापून १६:९ केलेल्या आवृत्त्या सर्रास मिळतात. तसे केल्याने चित्राची पाव उंची जाते. तेराव्या बैठकीत ‘तुनक तुनक तुन’ची तशीच कापलेली प्रत आली, चारही दलेर मेहंदींच्या पगड्या निम्म्या गायब होत्या, आणि दुसरी प्रत शोधेपर्यंत मतदान थांबवावे लागले. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात, चित्र पूर्ण असावे. आवाजाची पातळीही प्रत्येक गाण्याला आधीच जुळवून ठेवावी, कारण जे मोठ्याने वाजते ते पहिल्या चिठ्ठीत वर जाते, हे आम्ही तीन बैठकांत पाहिले.

आता चौदावी बैठक, ज्यासाठी ही नोंद मुख्यतः लिहितो आहे. विषय होता ‘आपल्याकडचे’. आलेले व्हिडिओ : ‘मिले सुर मेरा तुम्हारा’, ‘मेड इन इंडिया’, ‘ओ सनम’, ‘अब के सावन’, ‘पिया बसंती’, ‘मन के मंजीरे’ आणि ‘ऐका दाजिबा’. ‘मिले सुर’ला म्युझिक व्हिडिओ म्हणावे का यावर अर्धा तास चर्चा झाली. दूरदर्शनवर तो १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी आला तेव्हा आपल्याकडे उपग्रह वाहिन्याच नव्हत्या आणि तो कोणताही अल्बम खपवण्यासाठी बनलेला नव्हता. तरीही गाण्याभोवती रचलेली स्वतंत्र दृश्ये या व्याख्येत तो बसतो, असे बहुमताने ठरले आणि मला ते पटते.

या बैठकीला माझा एकोणीस वर्षांचा भाचा आला होता. यांतली बहुतेक गाणी त्याने ऐकलेलीच नव्हती, म्हणून आम्ही क्रम उलटा केला. आधी मूक, नंतर आवाज. त्याची चिठ्ठी बेरजेत धरायची नाही, पण जपून ठेवायची असे ठरले. पहिलाच व्हिडिओ ‘मिले सुर’ होता. धबधब्याजवळ पंडित भीमसेन जोशी दिसले आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज राहिला. माझ्या शेजारचा मित्र मांडीवर बोटाने ताल धरत होता. एका मैत्रिणीचे ओठ हलत होते. सवाई गंधर्व महोत्सवात मी पंडितजींना अनेकदा समोरून ऐकले आहे, आणि त्या बंद आवाजातही मला भैरवी जशीच्या तशी ऐकू येत होती. भाचा पडद्याकडे पाहायचे सोडून आमच्याकडे पाहत होता. “मामा, इथे सगळे एकदम गप्प का झालात?” असे त्याने विचारले.

आमचा निकाल : ‘मिले सुर’ ३३, ‘मन के मंजीरे’ २८, ‘अब के सावन’ २३, ‘मेड इन इंडिया’ २०, ‘ओ सनम’ १९, ‘पिया बसंती’ १५, ‘ऐका दाजिबा’ ९. भाच्याच्या चिठ्ठीत ‘मिले सुर’ पाचवा होता, कारण त्यातले तीन-चार चेहरे सोडले तर बाकीचे कोण हे त्याला कळतच नव्हते. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा चित्र काढताना दिसतात तिथे आम्ही सगळे हसलो, त्याला त्यात एक दाढीवाले गृहस्थ दिसले. त्याने पहिला क्रम दिला ‘मन के मंजीरे’ला. ट्रक चालवणारी मीता वशिष्ठ, तिच्या चेहऱ्यावरचा वारा आणि सोबतच्या बायकांचे मोकळे होत जाणे, एवढ्यावरून त्याने तिची गोष्ट जवळजवळ बरोबर सांगितली. छळाच्या घरातून बाहेर पडून चाक हाती घेतलेल्या एका खऱ्याखुऱ्या स्त्रीच्या आयुष्यावर तो बेतलेला आहे, हे मी त्याला नंतर सांगितले.

म्हणजे आवाज बंद करून आम्ही आठवण बंद करू शकलो नाही. परदेशी व्हिडिओंच्या बाबतीत ही पद्धत चांगली चालली, पण जे गाणे रक्तात आहे ते बटण दाबून जात नाही. ‘मिले सुर’ पहिला आला याचे मला दुःख नाही, माझ्याही चिठ्ठीत तो पहिलाच होता. पण तो मी डोळ्यांनी निवडला असे मला प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. आवाजाची फेरी झाल्यावर भाच्याने पहिला मिनिटभर पुन्हा लावायला सांगितला, पंडितजींची तान संपेपर्यंत उभ्यानेच पाहिला, आणि चिठ्ठीत काही बदलायचे आहे का असे विचारल्यावर नको म्हणाला.

पंधराव्या बैठकीसाठी त्यामुळे विषयच ठेवलेला नाही, फक्त अट ठेवली आहे. प्रत्येकाने असा व्हिडिओ आणायचा जो बाकीच्या कोणीही पाहिलेला किंवा ऐकलेला नाही, नाव आधी सांगायचे नाही, आणि मूक फेरी पहिली. एकाच वाहिनीसमोर वाढलेल्या सात जणांना हे अवघड आहे. माझी शोधाशोध तीन आठवडे चालू आहे, दोन व्हिडिओ बाजूला काढले आहेत आणि त्यातला कोणता न्यायचा हे अजून ठरत नाही. भाच्याने मात्र आपण येणार आणि या वेळी आपली चिठ्ठी बेरजेत धरायची, असे आजच कळवले आहे. आठ व्हिडिओंची बेरीज २२४ यायला हवी, तसा तक्ता मी नव्याने आखून ठेवला आहे.