सभामंडपातला घुमारा आणि अडकलेलं अंदाजपत्रक

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात जुनं मंदिर माळवदाचं होतं. माती, लाकूड, खांब. माइक नसतानाही महाराजांचा शब्द न् शब्द मागं बसलेल्या बायकांना कळायचा. नवा सभामंडप आरसीसीचा झाला, खाली ग्रॅनाइट, भिंतीला टाइल्स, आणि सप्ताहात हरिपाठाचं एक चरण कळेना. साउंडवाल्याला सांगितलं की तो आवाज वाढवायचा. पण आवाज वाढवला की घुमाराही तेवढाच वाढतो, शब्द काही सुटे होत नाहीत.

मी गणिताचा शिक्षक, म्हणून वाचायला बसलो. हार्वर्डचे वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून एका व्याख्यानगृहात हाच त्रास मोजला होता, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून. त्यांचं सूत्र सोपं आहे. खोलीचं घनफळ गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण, म्हणजे खोलीतल्या वस्तू मिळून जेवढा आवाज पितात ते. उत्तर येतं ते आवाज 60 डेसिबलने उतरायला लागणारे सेकंद. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक शोषण. आमचा मंडप 20 मीटर लांब, 12 रुंद, 5 उंच. रिकामा असताना शोषण जेमतेम 60 धरलं, तर 3 सेकंदांहून जास्त. बोलणं कळायला सेकंदभर पुरे. रात्रीच्या कीर्तनाला दोनशे माणसं बसली की अंगावरचे कपडेच आवाज पितात, म्हणून तेव्हा बरं वाटायचं आणि दुपारी मोजक्या माणसांत काहीच कळायचं नाही.

आता खरं दुखणं. ग्रामपंचायतीच्या निधीतून घुमाऱ्यावरचं काम करायचं तर अंदाजपत्रकाला बांधकामाच्या कार्यालयाची तांत्रिक मान्यता लागते. तिथं पहिलं उत्तर मिळालं, "गुरुजी, आवाजाचं काम आमच्याकडं नसतं. साउंडवाला बदला." मी म्हणालो, "साहेब, माइक बंद करून टाळी वाजवली तरी घुमतंय. दोष इमारतीत आहे." साहेब साइटवर, बाबू रजेवर, फाइल दुसऱ्या टेबलावर, असं चालत राहिलं. त्यात सप्ताह तोंडावर आला. शेवटी अर्ज परत आला तो शेरा घेऊन, 'दरसूचीत बाब नाही'. दरसूची म्हणजे सरकारी कामांची आणि त्यांच्या दरांची ठरलेली यादी. एकानंही मंडपात येऊन टाळी वाजवून पाहिली नाही, याचा राग अजून गेलेला नाही. माणसं दिवसभर राबून संध्याकाळी ऐकायला येतात. त्यांना शब्द कळला पाहिजे, ही मागणी काही चैनीची नव्हती.

मग मी दरसूचीच घेऊन बसलो. फॉल्स सीलिंगच्या पानांत आवाज पिणाऱ्या मिनरल फायबरच्या टाइल्स होत्या, दरासकट. नवीन अर्जात 'ध्वनी' हा शब्दच घातला नाही. 'सभामंडपास मिनरल फायबर फॉल्स सीलिंग' एवढं लिहिलं, बाबीचा क्रमांक दिला, आणि फाइल सरकली. कोणत्याही कार्यालयात त्यांच्याच पुस्तकातलं नाव लिहा. अर्ज देताना आवक क्रमांक घ्या, आणि नकार तोंडी घेऊ नका. तो शेरा लेखी मिळाला म्हणूनच कुठं अडलंय ते मला कळलं.

दरम्यान सप्ताहात मागच्या भिंतीला वाकळा टांगल्या होत्या, भिंतीपासून वीतभर पुढं. भिंतीला चिकटवून टांगल्या तर उपयोग कमी. तेवढ्यानं मागच्या भिंतीवरून माइककडं परत येणारा दणका गेला आणि गावाचा विश्वास बसला, वर्गणीही आली. कॉलम स्पीकर खाली आणून माणसांच्या दिशेनं फिरवले, छताकडं नाही. यात पैसा लागत नाही, आधी हेच करा.

सीलिंग बसल्यावर पहिल्या हरिपाठाला मागच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "आता महाराज काय म्हणतेत ते कळतंय." मला फार बरं वाटलं.

थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावू नका. आवाज फारसा पीत नाहीत, आणि समई-धूप असलेल्या जागी लगेच पेट घेतात. शेजारच्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज थांबवायचा असेल तर सीलिंगचा उपयोग नाही. त्याला जड भिंत आणि फट नसलेली दारं-खिडक्या लागतात. आणि स्लॅब गळत असेल तर आधी ते काम करून घ्या, कारण ओल लागली की मिनरल फायबरच्या टाइल्स फुगून खाली लोंबतात.