जांभळाचा ऑस्ट्रेलियन भाऊबंद

टी ट्री ऑइलची बाटली उघडली की थेट दवाखाना आठवतो. निलगिरी, कापूर आणि मागून जायफळाची पुसट छटा. सुगंधी तेल हवं असणारे नाक मुरडतात. मला हा वास आवडतो. औषधाने गुलाबाचं सोंग आणूच नये!

नावात टी असला तरी चहाशी याचा संबंध नाही. नातं आहे ते आपल्या जांभळाशी, पेरूशी, लवंगेशी. सगळे एकाच कुळातले. झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडच्या दलदलीतलं. तिथले बंजलंग लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याची पानं चुरून जखमांवर लावत. पुढे १९२०च्या दशकात सिडनीच्या आर्थर पेनफोल्ड या रसायनतज्ज्ञाने दाखवलं, की जंतू मारण्यात हे तेल त्या काळच्या नेहमीच्या जंतुनाशकापेक्षा, कार्बोलिक आम्लापेक्षा, अकरा पट सरस आहे. पेनफोल्डचं नाव राहिलं; पानं चुरणाऱ्यांची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत.

बाटलीवरचा कागद वाचावा तर केस, नखं, फरशी, डास, मनःशांती, सगळ्यावर हाच उतारा. एवढं सगळं येणाऱ्याबद्दल मला आधी शंकाच येते. पण मुरमांचं खरं आहे. १९९० साली सिडनीत १२४ जणांवर पाच टक्के तेलाचं जेल आणि तेवढ्याच ताकदीचं बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरमांवरचं नेहमीचं औषध ताडून पाहिलं. गुण दोन्हींनी आला. तेलाचा उशिरा आला, पण त्वचेची आग आणि कोरडेपणा कमी. म्हणजे लग्न चार दिवसांवर आलं असेल तर याच्या नादी लागू नये. कोंड्याचंही तसंच: पाच टक्के तेल घातलेल्या शांपूने चार आठवड्यांत कोंडा ४१ टक्क्यांनी उतरला, नुसत्या शांपूने ११ टक्क्यांनी.

हे पाच टक्के लक्षात ठेवण्यासारखे आहेत. चहाच्या चमचाभर खोबरेलात पाच थेंब, एवढाच हिशेब. डोक्याला ते चालेल. मुरमांच्या चेहऱ्यावर खोबरेल नको, त्याने रंध्रं बुजतात. ‘नैसर्गिकच आहे की’ म्हणत निव्वळ तेल चोपडणाऱ्यांना मी हात जोडतो. बिब्बाही नैसर्गिकच असतो.

आणि जुनी बाटली जपून ठेवण्यात काटकसर नाही. हवा-उजेड लागून तेल बिघडतं आणि तेच मग अंगावर पुरळ उठवतं. गडद काचेची लहान बाटली घ्यावी, झाकण घट्ट लावावं. पोटात तर थेंबही जाता कामा नये. गुंगी येते, तोल जातो.

घरात मांजर असेल तर बाटली वरच्या खणात. पिसवांवर घरगुती उपाय म्हणून काहीजण हे तेल तिच्या अंगाला चोळतात. तिच्या यकृताला ते झेपत नाही, आणि अंगाला लागलेलं काहीही ती चाटणारच.